नदीकडची बाजू

माझ्या माहेरी जाणारी गाडी छोटी होती. मोठ्या स्टेशनाच्या मागच्या अंगाला, गवतात, तिचा वेगळा फलाट होता. तिथून ती निघे आणि बागलाणाच्या बाजूला जाऊन एका गावात संपे. पुढे रूळच नव्हते. ते गाव माझं माहेर. लहानपणी आम्हाला वाटायचं, ही गाडी आमच्याच गावासाठी केली आहे, नाहीतर इथे येऊन थांबली कशाला असती.

चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन मी त्या मोठ्या स्टेशनाच्या गावात आले. सासरी शिवणकाम. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, परसात तुळस. सासरे कापड बेतत, आमचे हे मशीनवर बसत, घर सासूबाईंच्या हातात. काजं-बटणं करायला मी.

गाडी होती तोवर मला माहेरी पाठवायला सासूबाईंची ना नसे. त्या मला बायकांच्या डब्यात बसवून देत, खिडकीतून पिशवी आत सरकवत आणि गाडी हलेपर्यंत उभ्या राहत. तिकडे शेवटच्या स्टेशनावर भाऊ उभा असे. मधे गाडी बदलायची नाही, कुणाला काही विचारायचं नाही. लोणच्याची बरणी पाठवावी तशी मी जायची आणि तशीच यायची. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, त्यामुळे ते बरंच होतं.

आणीबाणीच्या आगेमागे गाडी बंद झाली. आधी म्हणाले पावसाळ्यापुरती, मग कुणी काही बोललंच नाही.

एस.टी. होती, पण ती सटाण्याच्या स्टँडवर बदलावी लागे. तरण्या बाईने स्टँडवर एकटीने उभं राहायचं नाही, हे सासूबाईंनी एकदाच सांगितलं. ह्यांना सवड नव्हती. लग्नसराईत पॅन्टी, जूनमध्ये गणवेश, मग गणपती, मग दिवाळी. आमच्या दुकानाला रिकामा महिनाच नव्हता. भाऊ एकदा न्यायला आला, तर सासूबाई म्हणाल्या, एवढे गणवेश जाऊ देत, मग या. भाऊ मानी. चहा पिऊन गेला तो पुन्हा आला नाही. आणि आईला येता येत नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला मूल झालं नाही. म्हणजे बाळंतपणाला जाणंही नाही आणि आईचं येणंही नाही. सगळी दारं एका कडीने लागली होती.

कुणी मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. हे मुद्दाम लिहिते. रागवायला काही कारण असतं तर बरं झालं असतं.

दुपारी परसात भांडी घासताना बंद झालेल्या गाडीची वेळ झाली की माझे हात आपोआप थांबत. एकदा तसे हात थांबले असताना मनात आलं की आपल्याला सगळी वाट पाठ आहे. कुठे फाटक, कुठे बाभळी, कुठल्या स्टेशनावर पाण्याचा रांजण. ही वाट विसरायच्या आत कुठेतरी मांडून ठेवावी.

चैत्र होता. आमच्याकडे चैत्रगौर बसते. तिच्यापुढे पायऱ्या करून आरास मांडतात. बाहुल्या, भातुकली, हळीव पेरून केलेली शेतं. मग हळदीकुंकवाला बायका येतात, त्यांना कैरीची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे द्यायचे. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, दरसाल त्याच बाहुल्या, काहीतरी नवीन कर. मी मान हलवली.

दुकानात जुन्या पॅन्टींच्या उसवलेल्या चेनींचा डबा होता. पितळी चेन पूर्ण उघडली की तिच्या दोन पट्ट्या होतात. त्या समांतर लावल्या की झाले रूळ. खाली काडेपेटीच्या काड्या, त्या लाकडी दांड्या. डबे काडेपेट्यांचे, वरून तपकिरी शर्टिंग चिकटवलेलं. चाकं बटणांची. इंजिन दोऱ्याच्या रिळाचं, आणि त्याला धुराडं म्हणून शिंपी बोटात घालतात ते अंगुस्तान. सासऱ्यांचं अंगुस्तान सापडेना तेव्हा ते घरभर शोधत होते. शेवटी त्यांना ते इंजिनावर दिसलं. त्यांनी ते तिथेच राहू दिलं आणि दुसरं विकत आणलं.

खोलीच्या भिंतीलगत मी ती लाईन मांडली, आमच्या स्टेशनापासून माहेरापर्यंत. शेवटी आमचं घर, आणि दारात चिंधीची एक बाई.

बायकांनी फार कौतुक केलं. नाशिकहून आलेल्या नणंदेने शेजारणींना बोलावून आणलं. पुढच्या वर्षी लोक आपणहून विचारू लागले की शिंप्यांकडे रेल्वे केव्हा मांडणार. सासूबाईंची मान ताठ झाली. त्या प्रत्येकीला सांगत, "आमच्या सुनेला माहेरी जावंच लागत नाही. तिनं माहेर घरातच आणून बसवलंय."

सगळ्या हसत. मीही हसायची. त्यानंतर माहेरचा विषय काढायला मला तोंडच उरलं नाही. मी माझ्या हाताने ते दार बंद केलं होतं, तेही सुबक.

अशी काही वर्षं गेली. मग एका चैत्रात बाजाराला आलेल्या आमच्या गावच्या माणसाने निरोप आणला. आईचा एक डोळा गेला, दुसऱ्याचा भरवसा नाही. दिसतंय तोवर तोंड दाखवून जा.

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं. पण म्हणाल्या, हळदीकुंकू चार दिवसांवर आलंय, बायका रेल्वे बघायला येतील. ते होऊ दे, मग बघू कोण नेतंय. ते 'मग बघू' मला चांगलं ओळखीचं होतं.

मी रूळ मांडले.

हळदीकुंकवाला मागच्या घरातल्या भाडेकरीण आल्या, त्यांच्याबरोबर त्यांची म्हातारी आई. नातवाला बघायला ती लेकीकडे आलेली, भलंमोठं कुंकू लावलेली. ती थेट रेल्वेपाशी जाऊन बसली आणि एकेक स्टेशन बोटाने मोजू लागली. तिचं गाव त्याच लाईनीवर होतं, माझ्या माहेराच्या अलीकडचं स्टेशन. तिथे बोट ठेवून तिने वर पाहिलं.

"पण नदी कोठे शे वं पोरी?"

ही माझ्या माहेरची बोली. सासरी पहिल्याच आठवड्यात सगळे तिला हसले होते, तेव्हापासून मी ती सोडून दिली होती. ती ऐकली आणि माझी जीभ सुटली.

"मी देखी नही, माय," मी म्हणाले.

"एवढी मोठी नदी देखी नही?"

खोलीत पन्ह्याचे पेले वाजत होते ते थांबले. मी एरवी चार बायकांत बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मग मला मराठीत सांगावं लागलं, सगळ्यांना कळेल असं. मी सांगितलं की जाताना मी नेहमी ह्या बाजूच्या खिडकीशी बसायची, कारण आमचं गाव ह्या बाजूला आधी दिसतं. येताना गाव मागे पडलेलं बघवत नसे, म्हणून त्याच खिडकीकडे पाठ करून बसायची, डोळ्यांना पदर लावून. पदर स्टेशन आल्यावरच काढायची. म्हणून पलीकडचं मला काही माहीत नाही. म्हणून लाईन भिंतीला लावलीय.

नणंद खाली बघून हरभरे खात होती. एका नव्या सुनेने नाक ओढलं.

म्हातारी सासूबाईंकडे वळली. "मी सोमवारी जातेय घरी. हिला धाडा माझ्यासंगं. ऱ्हायलेली बाजू बघून येईल."

सासूबाईंनी सगळ्यांची ओटी भरली, हसून सगळ्यांना पोचवलं. दार लावून आत आल्या आणि म्हणाल्या, "चारचौघींत मला खाली बघायला लावलंस." त्यांनी आरशीजवळ जाऊन कुंकू नीट केलं, मग रेल्वेसमोर बसल्या. बराच वेळ त्या भिंतीकडे बघत होत्या, जिथे नदी असायला हवी होती.

"जा," त्या म्हणाल्या. "बघून ये नदी. आता पुढच्या वर्षी सगळ्या विचारतील. अर्धवट आरास बरी दिसत नाही."

सटाण्याच्या स्टँडवर म्हातारीने माझा दंड धरून ठेवला होता. निरोप मिळाल्यावर भाऊ तिच्या गावाला बैलगाडी घेऊन आला. रूळ केव्हाच उपटून नेले होते, खडीचा बांध तेवढा राहिला होता आणि लोक त्यावरूनच गाड्या नेत. मी मुद्दाम पलीकडे तोंड करून बसले. नदी अगदी लगत होती. चैत्रात पाणी थोडं, दोन-तीन डोह, वाळूत टरबुजांच्या वाड्या, पलीकडच्या गावाला जाणारा काळ्या दगडांचा पूल, पुलाशी म्हसोबा, शेंदूर लावलेला. हे सगळं एवढी वर्षं माझ्या पाठीमागे होतं.

आई दारात होती. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, आणि उरलेल्या डोळ्याने अगदी जवळून बघत राहिली. वाळलीस, म्हणाली. मी चार दिवस राहिले.

पुढच्या चैत्रात मी लाईन भिंतीपासून पुढे ओढली आणि पलीकडे निळ्या अस्तराच्या कापडाची नदी केली. बायका खूश झाल्या. सासूबाईंनी विचारलं, "ह्यावर पूल नाही का?"

"आहे," मी म्हणाले. "पण कमानी कशा होत्या ते नीट ध्यानात राहिलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं, असं मला आता वाटतं. म्हातारी लेकीकडे आलेलीच होती. तिच्याबरोबर मी पुन्हा चार दिवस जाऊन आले. त्याच्या पुढच्या वर्षी पूल झाला, पण टरबुजं राहिली. मग म्हसोबा राहिला. पहिल्याच दिवशी मी सगळं पाहून घेतलं होतं, पण मांडताना दरसाल एकेकच वाढवलं. आईला तोवर दिसेनासं झालं होतं. ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि विचारायची, औंदा काय बाकी ठेवलंस?

एका थंडीत आई गेली. तार आल्यावर हे स्वतः मला घेऊन गेले, दुकान बंद ठेवून.

त्या चैत्रात मी दोन्ही बाजू पुऱ्या केल्या. पूल, वाड्या, म्हसोबा, बाभळी, फाटकं, सगळं. शेवटच्या घराच्या दारातली चिंधीची बाई तेवढी काढून घेतली. बायका म्हणाल्या, इतकी सुंदर कधीच झाली नव्हती.

त्या गेल्यावर सासूबाई पेले गोळा करत होत्या. रेल्वेपाशी थांबून त्यांनी विचारलं, "आता काही बघायचं राहिलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातले पेले घेऊन परसात घासायला बसले.