वाक्यातले कोयते

“ह्यांची ताटातूट करू नका,” असे म्हणत सर इंग्रजी वाक्यातील दोन-चार शब्दांभोवती पेन्सिलीने कुंपण घालीत. मग चष्मा कपाळावर सारून विचारीत, “आता सांगा, ह्या वाक्यात कोयते किती?”

आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोची गणना मिळून एक कोयता अशी होते, हे आपण जाणताच. इंग्रजीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या ह्या गृहस्थांनी तोच हिशेब वाक्याला लावला होता. एकत्र राबणारे शब्द म्हणजे एक कोयता. पुस्तके त्याला फ्रेज म्हणतात.

वडवणीच्या तहसील कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या मसुद्यातील भारदस्तपणाची दखल अनेक साहेबांनी घेतलेली आहे. पेन्शनच्या कामासाठी आलेले सर माझ्या टेबलाशेजारी बसू लागले. माझा एक इंग्रजी अर्ज वाचून म्हणाले, “लई लांब वाक्य हाय. पण करतंय कोण अन् करतंय काय, तेच दिसंना.”

“वजन यावं लागतं, सर.”

“वजन बैलगाडीला. साहेबाला अर्थ पायजे.”

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावच्या सहकारी दूध सोसायटीने चारा छावणी चालविली होती. तिची मुदत संपत आली. मुदत वाढली नसती, तर जनावरे बाजारात न्यावी लागली असती, आणि त्या दिवसांत तेथे कोणते गिऱ्हाईक उभे असे, हे सांगावयास नको. पाहणीसाठी दिल्लीचे पथक यावयाचे होते. त्यांच्यापुढे इंग्रजीत बोलण्याची कामगिरी चेअरमननी मजकडे सोपविली, हे ओघानेच आले.

मी रचलेल्या पल्लेदार वाक्याची सरांनी छाटणी केली. चार कोयते उरले: ‘द फार्मर्स ऑफ धिस व्हिलेज’, ‘आर रिक्वेस्टिंग’, ‘फॉडर अँड वॉटर’ आणि ‘टिल द रेन्स’. मला पाठ व्हावे म्हणून त्यांनी छावणीतील चार जोडपी ओळीने उभी केली. एकेका जोडप्याकडे पाहावयाचे आणि एकेक कोयता म्हणावयाचा.

शेवटचे जोडपे भिवानाना आणि सखूबाई. सखूबाई म्हणाल्या, “जन्मभर कोयताच हाव आमी. आता विंग्रजीत बी का?”

“हितं ऊस तोडायचा न्हाई, वहिनी,” सर म्हणाले. “नुसतं उभं ऱ्हायचं.”

पथक आले. जोडपी नेहमीच्या जागी होती. तीन कोयते मी बिनचूक उचलले, आणि शेवटी पाहतो तो भिवानाना एकटेच. पाण्याचा टँकर आल्यामुळे सखूबाई हंडा घेऊन धावल्या होत्या. त्या अर्ध्या कोयत्यासमोर माझी वाचाच बसली. चाऱ्याची मागणी झाली, मुदत राहिली. साहेब गाडीकडे वळले.

तेवढ्यात सर गर्दीतून निघाले, खांद्यावरचे उपरणे पदरासारखे डोक्यावर ओढीत भिवानानांना खेटून उभे राहिले.

“टिल द रेन्स,” मी म्हणालो.

साहेब थांबले, त्या जोडीकडे पाहून हसले आणि आमच्याकडे परत आले. सरांनी त्यांना भिवानानांच्या बैलांपाशी नेले. साहेबांनी बैलाच्या बरगड्यांवरून हात फिरविला. पुढे हुकूम आला आणि छावणी पावसापर्यंत राहिली.

“मास्तर, बायकू झालात की माजी,” भिवानाना म्हणाले.

“उभं ऱ्हायापुरती. भाकर तिलाच मागा.”

परतताना सर म्हणाले, “मंडळी वारली त्या साली मी बी वर्गात असाच मधी थांबलतो. पोरं वाट बघत बसली बिचारी.” दुसऱ्या दिवशी ते पेन्सिलीला टोक काढून माझ्या टेबलाशी हजर होते.

आज माझ्या अर्जांवर साहेबांची सही लवकर होते, ह्याचे श्रेय मी निःसंकोचपणे सरांना देतो.

सर पुढे लेकीकडे अंबाजोगाईला गेले आणि तेथेच वारले. सोसायटीच्या दारात शोकसभा भरली, तेव्हा भिवानाना बैलजोडी घेऊनच आले. चेअरमननी कपाळाला आठी घातली. नाना म्हणाले, “ह्यास्नी बी येऊ द्या म्हणलं.”

आम्ही माना खाली घालून उभे राहिलो. त्या शांततेत दोन्ही बैल सावकाश रवंथ करीत होते. त्यांना कोणीही हाकलले नाही.