मिलिंदच्या बीएमएक्सला नवे पार्ट

एका सायकलभोवती तीन मित्र वाकून उभे राहिले, की काम थोडं होतं आणि किस्से जास्त. आमचे तर दर रविवारी एक-दोन जमायला लागले. शेवटी बायको म्हणाली, "सायकल होईल तेव्हा होईल, हे तरी लिहून ठेव."

मुलुंडला आमच्याच बिल्डिंगमध्ये मिलिंद राहतो. वय बावन्न, इन्शुरन्समध्ये नोकरी. तो शाळेत असताना त्याच्या जहाजावरच्या मामाने परदेशातून बीएमएक्स आणली होती. छोटी चाकं, उंच हँडल, उड्या मारायची सायकल. यंदा माळा साफ करताना ती सापडली. बाकी सगळं गंजून गेलेलं, फ्रेम मात्र झकास. त्याच मिनिटाला मला फोन. "खाली ये. आत्ता. चप्पल नाही मिळाली तरी चालेल."

ठरलं. फ्रेम जुनी, बाकी सगळं आजच्या काळातलं.

*

पहिल्याच रविवारी दुकानात गेलो. वीस इंची चाकं, नवा क्रँक, नवं हँडल, मिलिंद नुसता सुटला होता. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "मुलगा केवढा आहे?"

"बावन्न," मिलिंद म्हणाला.

दुकानदार म्हणाला, "मग बाजूची छोटी चाकं पण देऊ का?"

*

पॅडलचा क्रँक ज्यावर फिरतो, त्या बेअरिंगसाठी फ्रेममध्ये भोक असतं. जुन्या फ्रेमचं भोक मोठं, नवं बेअरिंग लहान. हे आम्हाला कुठे माहीत? मी डावीकडून बेअरिंग आत सरकवलं, ते उजवीकडून थेट मिलिंदच्या पायावर पडलं.

अंगठा धरून तो खाली बसला. म्हणाला, "फिटिंग स्मूथ आहे यार."

*

मग आम्ही जाधवला गाठलं. जाधव आमचा शाळेतला दोस्त, साकीनाक्याला त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. भोकात बसेल अशी रिंग करून हवी होती. त्याने तीन वेळा माप घेतलं आणि मापात किती फरक चालेल ते ठरवायला विचारलं, "टॉलरन्स किती ठेवू?"

"माझा? भरपूर आहे," मिलिंद म्हणाला.

जाधवने लेथ बंद केला. मला म्हणाला, "याला बाहेर बसव आणि चहा पाज."

पण रिंग काय केली त्याने! हातोडीचे दोन हलके ठोके, आणि टक्कन बसली. आम्ही तिघं तिथेच नाचलो. शेजारच्या गाळ्यातली माणसं धावत आली. रिंग बघितली, आमच्याकडे बघितलं आणि परत कामाला गेली.

*

मागच्या चाकाला मात्र सगळं अडलं. नव्या चाकाचा अ‍ॅक्सल, म्हणजे मधला दांडा, जाड आणि तो बसतो त्या फ्रेमच्या खाचा अरुंद. जाधव म्हणाला, "खाचा घासाव्या लागतील. पण एकदा घासल्या की मूळची फ्रेम राहणार नाही. विचार कर."

मिलिंदचा चेहरा पडला. दोन रविवार सायकल तशीच पडून. तिसऱ्या रविवारी त्याने मालवणला मामांना फोन लावला. मामा आता ऐंशीच्या पुढचे. स्पीकरवर त्याने खाचांचं सगळं पुराण सांगितलं, मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे मेल्या," मामा म्हणाले, "ती तुका चलवूक दिलंय, पुजूक नाय."

जाधवने कानस आधीच हातात घेतली होती.

*

सायकल तयार झाली त्या दिवशी सकाळी आम्ही ती कंपाऊंडमध्ये आणली. मी बसलो, गुडघे हँडलला लागले, उतरलो. जाधव म्हणाला, "मी फक्त बनवतो." मिलिंद दहा फूट गेला आणि भिंत धरून उभा राहिला.

तेवढ्यात त्याची मोठी बहीण सुनीताताई बोरिवलीहून जेवायला आली. ताई शाळेत मुख्याध्यापिका आहे, आम्ही अजूनही तिच्यासमोर सरळ उभे राहतो. तिने सायकलभोवती एक चक्कर मारली, पर्स माझ्या हातात दिली, ओढणी कमरेला बांधली.

"ब्रेक लागतात ना रे?"

आम्ही हो म्हणेपर्यंत ती निघाली होती. पॅडलवर उभी राहून गेटपर्यंत गेली, गर्रकन वळली आणि येताना स्पीड ब्रेकरवर पुढचं चाक हवेत उचललं. ते तसंच हवेत धरून वॉचमनच्या केबिनपर्यंत आली. वॉचमन उठून उभा राहिला.

ताई आमच्यापुढे थांबली, उतरली आणि तिने ओढणी सोडली.

मिलिंद भिंत सोडून पुढे आला. "ताई, तू शिकलीस कधी? मी तर तुला हातसुद्धा लावू देत नव्हतो."

ताईने माझ्याकडून पर्स घेतली.

"तू दुपारी झोपायचास ना," ती म्हणाली आणि जेवायला वर गेली.