दादू, ओढू का?

सगळ्या शाहूवाडी तालुक्यात इंजनाची करवत चालू करणारा मिस्त्री मी एकटाच. करवतबी एकच हुती म्हणा... आनि तीबी निम्म्या येळंला माझं ऐकायची न्हाई.

मला लिव्हाय येत न्हाई, पुतणी लिव्हून घेतीया. भुताखेतावर माझा इश्वास न्हवता, आजबी न्हाई. पर मलकापुरात, रत्नागिरी रस्त्याच्या लाकडाच्या वखारीत झालं त्ये सांगतो.

लढाईत उरलेल्या लष्कराच्या मालातनं मालकानं ती करवत आणल्याली. दोन माणसांची. इंजनाकडं मी, पल्याडच्या मुठीला माझा दोस्त दादू. दोरी ओढून चालू करायची, आनि ओढायच्या आदी "धरलं का?" इचारायचं, असा नेम. मी कुठला इचारतोय! दादू एका हातानं तंबाखू तोंडात टाकाय लागला की मुद्दाम ओढायचो. हिसका बसायचा त्याच्या खांद्याला.

"आरं मुडद्या, इचार की!"

मी खी खी हसायचो.

चार वर्सांनी दादू तापानं गेला. भर श्रावणात. लाकडं सगळी भिजल्याली, छपराखालचा एक जाड ओंडका तेवढा सुका. दादूच्या सरणासाठी त्यो दिवस मावळायच्या आत कापायचा हुता. पल्याडच्या मुठीला दादूचा मेव्हणा हुबा ऱ्हायला.

दोरी हलंना! प्लग काढला तर सरसर आली — म्हंजे इंजन जाम न्हवतं. आत पेट्रोल जास्त झालं असंल म्हणून उपसलं, प्लग पुसून, तापवून बसवला. पुन्ना घट्ट. पाय लावून ओढली तर मीच चिखलात आडवा. मयताला आल्याली माणसंबी हसली. मला मातुर रडू फुटलं. कसला मिस्त्री मी... दोस्ताला लाकडं देता येईनात.

करवतीवर डोकं टेकून म्हणालो, "दादू, ओढू का रं?"

आनि थांबलो. पैल्यांदाच.

मग दोरी अशी आली... पाळण्याची ओढावी तशी. इंजन एका झटक्यात चालू.

ओंडका कापून झाल्यावर मेव्हणा म्हणाला, "पावणं, माझा हात नुस्ता वर ठेवल्याला. मूठ आदीच कुणीतरी धरल्याली."

पेट्रोल उडून गेलं असंल म्हणा. मग मूठ?

तेराव्याला दादूच्या बायकोला, वैनीला, हे सगळं सांगितलं. वाटलं, रडंल. तिनं भांडी घासायची थांबवली न्हाईत.

"चार वर्सं रोज त्यांचा खांदा शेकला मी, भावजी. तवा इचारायचं हुतं की."