न उतरल्याचे पेढे

"मनीषा, वारा वाढलाय. घाई करू नको," मी रेडिओवर म्हणाले.

मुळशी धरणाजवळच्या आमच्या छोट्या धावपट्टीवर मनीषाचा पहिला सोलो होता. सोलो म्हणजे विमानात विद्यार्थी एकटा. शिकवणारी मी खाली, जीव मुठीत धरून. ती उडाली तेव्हा वारा शांत होता. चक्कर मारून येईपर्यंत धरणाकडून झोत सुरू झाले.

रिहे गावाहून तिचे आईवडील आले होते. बबनरावांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, आईच्या हातात ओवाळणीचं ताट. निरांजन सारखं विझत होतं, पण माउली काडी ओढायचं काही सोडेना.

विमान खाली आलं. चाकं टेकणार, तोच झोताने डावा पंख उचलला आणि नाक कडेच्या झुडपांकडे वळलं. छोटी विमानं इथेच हाताबाहेर जातात. पायलटला वाटतं, आलंच आहे खाली, तर दाबून बसवू. दाबायला गेलं की विमान भातखाचरात. त्यापेक्षा इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, पंख सरळ करायचे आणि पुन्हा वर जायचं. याला गो-अराउंड म्हणतात. शिकवायला सोपं, आईबाप पेढे घेऊन उभे असताना करायला महाकठीण.

इंजिन गरजलं. मनीषा वर गेली. मी आनंदाने ओरडलेच.

बबनरावांचा चेहरा पडला. "म्याडम, पोरीला उतरता येत न्हाई व्हय?"

"येतं ना. म्हणूनच उतरली नाही."

"आवं, पर गावात काय सांगू?"

दुसऱ्यांदाही ती आली आणि वर निघून गेली. बबनरावांनी बॉक्स पाठीमागे लपवला.

मग झोत ओसरला. तिसऱ्या वेळी विमान टेकलं आणि मधल्या रेषेवरून सरळ धावत गेलं. मी रडले, खोटं कशाला सांगू!

आईने भाकरतुकडा मनीषावरून ओवाळला, मग विमानावरूनही. निरांजन आता कुठे नीट तेवत होतं. पहिल्या सोलोच्या प्रथेप्रमाणे मी मनीषावर बादलीभर पाणी ओतलं आणि निरांजनही विझवलं.

"मॅडम, दोनदा चुकलं माझं," ती निथळत म्हणाली.

"त्या दोन वेळांमुळेच तू उभी आहेस इथे."

बबनराव ऐकत होते. त्यांनी लेकीच्या तोंडात पेढा कोंबला. "ह्यो उतरल्याचा." मग हातावर आणखी दोन ठेवले. "आन् ह्ये न उतरल्याचं."

तेव्हापासून आमच्याकडे गो-अराउंड केला की पेढा मिळतो. विद्यार्थी जाड होतायत, विमानं मात्र धड आहेत.