वेळेआधी उघडलेला जीन

"मॅडम, वाट लागली." प्रज्ञाने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला.

प्रज्ञा माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, मुलुंडची. आमच्या अंधेरीच्या लॅबमध्ये कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम चालतं. गर्भाच्या प्रत्येक पेशीत डीएनए सारखाच असतो. तो प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. त्या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. गुंडाळी घट्ट असेल तर आतला जीन वाचता येत नाही, घडी घातलेल्या साडीचा पदर दिसत नाही तसं. ती सैल झाली की जीन कामाला लागतो. हृदय घडवणारा एक जीन नेमका कधी उघडतो, हा प्रज्ञाचा विषय.

आणि तो एका बॅचमध्ये बंद होता, दुसरीत चक्क उघडा. दोन्ही बॅच इन्क्युबेटरमध्ये सारखाच वेळ ठेवलेल्या.

विभागप्रमुख वैतागले. "रिव्ह्यूच्या आत हे सुटलं नाही, तर तिला विषय बदलायला सांगा." म्हणजे पोरीची सगळी मेहनत पाण्यात. ती रडत नव्हती, पण जेवणाचा डबाही उघडत नव्हती. माझा जीव तुटत होता.

केमिकल्स तपासली, मशीन तपासलं. सगळं ठीक. मग मी विचारलं, "अंडी कुणी आणली गं?"

"पहिली मी, थंड बॉक्समधून. दुसरी बाबांनी. संध्याकाळी हॅचरीतून घरी, सकाळी इथे."

"रात्रभर कुठे होती?"

ती जरा घुटमळली. "गोधडीत. फुटू नयेत म्हणून. वरून आईने शाल घातली."

मे महिना, त्यात गोधडी, त्यावर शाल! फलित अंडं थंड ठेवलं तर गर्भ थांबून राहतो. ऊब मिळाली की वाढायला लागतो. आमच्या इन्क्युबेटरच्या आधी बाबांचाच इन्क्युबेटर चालू झाला होता. मला हसू आवरेना.

"बाबांना ओरडू नका ना, मॅडम."

"वेडी आहेस का?"

मग आम्ही घड्याळ बाजूला ठेवलं. प्रत्येक गर्भाच्या मायक्रोस्कोपमधल्या फोटोवरून त्याची वाढ ठरवली आणि नव्या अंड्यांवर प्रयोग पुन्हा केला. सगळं जुळलं. हृदय आकाराला येण्याच्या जरा आधी जीन उघडतो. गोधडीतले गर्भ फक्त पुढे गेले होते. प्रमुखांनी मान डोलावली. विषय वाचला. त्या दुपारी प्रज्ञा पोटभर जेवली.

अंडी अजूनही बाबाच आणतात, आता बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्माकोलच्या पेटीतून. परवा पेटी देताना म्हणाले, "मॅडम, एवढ्या गारठ्यात लेकरांना काही होणार नाही ना?"

"नाही हो," मी म्हटलं.

लॅबमध्ये आता नियमच आहे: गर्भाचं वय घड्याळाला विचारायचं नाही, गर्भालाच विचारायचं. आणि अंडी आणणारा माणूस किती मायाळू आहे, हेही आधीच विचारून घ्यायचं.