बॅटरी अडतीस अंशांवर होती

प्रणाली गजभिये आमच्या शेडमध्ये रुजू झाली तेव्हा तिच्यासाठी टेबल नव्हतं. हिंगण्याच्या एमआयडीसीतली बारा माणसांची ती कंपनी. विजेवर धावणारी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार नागपुरात बनवायची, हे आमच्या मालकांचं, गौरांग सरांचं वेड. मी स्टोअर सांभाळायचो. माझ्याच टेबलाच्या अर्ध्या भागावर तिने लॅपटॉप मांडला आणि तीन वर्षं ती तिथेच बसली. घर जरीपटक्याच्या मागे. वडील मारोतराव लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, आणि ही घरातली पहिली इंजिनिअर. तिच्याकडे काम एकच होतं: गाडी तापू द्यायची नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं. बॅटरी गाडीच्या तळाशी असते. जोरात पळवली की ती तापते, आणि फार तापली तर गाडी स्वतःच आपली ताकद कमी करून घेते. मग स्पोर्ट्स कार ऑटोसारखी चालायला लागते. म्हणून बॅटरीखालच्या पोकळ पत्र्यांमधून कूलंट, म्हणजे उष्णता ओढून घेणारं पाणी, फिरवतात. ते पुढच्या रेडिएटरमध्ये वाऱ्यावर थंड होतं. पण आमच्याकडे मे महिन्यात वाराच पंचेचाळीस-शेहेचाळीस अंशांचा. तो काय थंड करणार? तेव्हा एसीचा कॉम्प्रेसर कूलंटच्या मदतीला येतो. तोच कॉम्प्रेसर आत बसलेल्या माणसालाही गार हवा देतो.

तिच्या तिसऱ्या वर्षी पुण्याचे काही लोक कंपनीत पैसा घालायला तयार झाले. त्यांची अट एवढीच की मे महिन्यात, भर दुपारी, गाडीने पूर्ण वेगात वीस फेऱ्या माराव्यात आणि ताकद कुठेही कमी होऊ नये. नाही जमलं तर शेडला कुलूप, हे आम्हा बाराही जणांना माहीत होतं.

सावनेर रोडवर ट्रकचालकांना शिकवण्यासाठी बांधलेला एक बंद पडलेला ट्रॅक भाड्याने घेतला. गाडी अंकुश पौनीकर चालवायचा. चौतिशीचा, आधी ट्रॅक्टरच्या टेस्टिंगला असलेला, हसतमुख माणूस. पहिल्या दिवशी सातव्या फेरीला गाडी ढेपाळली. प्रणालीने पंप बदलला. आठव्या फेरीला ढेपाळली. पंखे मोठे लावले, पाइपांची वळणं कमी केली, कूलंटमध्ये अडकलेली हवा दोन दोन तास बसून काढली. सुरू करण्याआधी कूलंट बर्फाच्या ड्रममधून फिरवून घेतलं. तरी अकराव्या फेरीच्या पुढे गाडी जाईना. मोठा कॉम्प्रेसर बाहेरून यायला दोन महिने लागणार होते आणि हातात उरले होते सहा दिवस.

ती जेवेनाशी झाली. डबा उघडायची, आकड्यांकडे बघत राहायची आणि तसाच बंद करायची. एकदा माझ्यासमोरच गौरांग सर तिला म्हणाले, "प्रणाली, बारा घरं तुझ्या त्या लॅपटॉपवर आहेत." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "कवडूभाऊ, केबिनची गार हवा पूर्ण बंद केली तर सगळा कॉम्प्रेसर बॅटरीले भेटते. मी हिशोब केला. वीस फेऱ्या होतात."

"अन् अंकुश?"

"चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

तिने अंकुशला विचारलं. तो हेल्मेट पुसत होता. "ट्रॅक्टरवर कोणता एसी होता, मॅडम? करून टाकू," तो म्हणाला. मी काहीच बोललो नाही. मलाही घर होतं.

दुपारी अडीचला गाडी निघाली. काचा बंद, कारण उघड्या काचांतून वारा भरला की गाडी अडते. अंगात जाड सूट, डोक्यावर हेल्मेट. आम्ही ताडपत्रीच्या सावलीत बसलो होतो. बॅटरीत चौदा ठिकाणी सेन्सर होते आणि चौदाही आकडे प्रणालीच्या पडद्यावर दिसत होते. केबिनमध्ये एकही सेन्सर नव्हता. तो लावावा असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाराव्या फेरीला बॅटरी सदतीसवर होती. पंधराव्याला अडतीस. गौरांग सरांनी खुर्ची सोडली आणि ते उभे राहिले. प्रणालीच्या चेहऱ्यावर मी महिनाभरात पहिल्यांदा रंग पाहिला. वायरलेसवर ती म्हणाली, "अंकुशभाऊ, कसं वाटून राहिलं?"

"पंप... पंपाचं दार उघडं हाय," अंकुश म्हणाला.

"काय?"

"थंडी वाजून राहिली, मॅडम."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माइक तोंडाशी धरून म्हणाली, "भाऊ, थांबवा गाडी. आत्ताच थांबवा." तिकडून उत्तर आलं नाही. सतराव्या फेरीत गाडी वळणावर सरळच गेली, वाळलेल्या गवतात शिरली आणि टायरांच्या ढिगाला टेकून थांबली.

आम्ही धावलो. दार उघडलं तसा भट्टीसारखा झोत तोंडावर आला. अंकुशच्या डोळ्यांची बुबुळं वर गेली होती. हात लावला तर कातडी कोरडी, तव्यासारखी. घामाचा थेंब नव्हता. गौरांग सर म्हणाले, "माझ्या गाडीत टाका, दवाखान्यात नेऊ."

"नाही," प्रणाली म्हणाली. "चाळीस मिनिटं लागतात जायले. तेवढ्यात हा जाईल. आधी इथंच थंड करायचा."

तिचा आवाज फाटला होता, पण हात थांबत नव्हते. आम्ही त्याला उचलून कूलंटसाठी आणलेल्या बर्फाच्या ड्रमांपाशी आणलं. सूट कात्रीने कापला आणि त्याला एका ड्रममध्ये, बर्फाच्या पाण्यात, मानेपर्यंत बसवलं. मी मागून काखेत हात घालून त्याचं डोकं वर धरलं. ती मगाने त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती. बॅटरीचं तापमान बघायची पातळ तार तिने त्याच्या कानात धरली. एक्केचाळीस पूर्णांक आठ.

"अंकुशभाऊ, नाव सांगा तुमचं. नाव सांगा गा."

तो काहीतरी पुटपुटला, ते नाव नव्हतं. मग त्याला झटके आले. माझे हात बर्फात बधिर झाले होते आणि तो निसटत होता. प्रणाली खांद्यापर्यंत ड्रममध्ये हात घालून त्याला धरायला लागली आणि त्या आकड्याकडे बघत एकसारखं म्हणत राहिली, "उतर, उतर." सर फोनवर अँब्युलन्सवाल्याला रस्ता सांगत होते. आकडा एकोणचाळीसवर आला तेव्हा अँब्युलन्स फाटकात शिरली.

अंकुश नऊ दिवस आयसीयूत होता. मूत्रपिंडं थकली, तीनदा डायलिसिस करावं लागलं. जीव वाचला. तिथेच पाण्यात बसवलं नसतं तर तोही वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी प्रणालीला सांगितलं तेव्हा तिने मान खाली घातली आणि ती जिन्यात जाऊन बसली.

अंकुशची बायको प्रीती तिला तिथेच भेटली. मी जवळच उभा होतो. प्रीतीच्या हातात औषधांची पिशवी होती. ती म्हणाली, "मले एकच सांगा. गाडीले थंड ठेवाले माह्या माणसाले तापवलं का तुम्ही?"

प्रणालीला बरीच उत्तरं देता आली असती. त्याने होकार दिला होता, मालकांचा दबाव होता, बारा घरं होती.

"हो," ती म्हणाली. "मी तापवलं."

प्रीती पिशवी घेऊन आत निघून गेली.

चार दिवसांनी गौरांग सरांनी अहवाल मागितला. त्यांचंही काही खरं नव्हतं, डोळे खोल गेले होते. ते म्हणाले, "सतरा फेऱ्यांत बॅटरी एकदाही चाळीसच्या वर गेली नाही. एवढंच लिही. पुण्याचे लोक अजून थांबलेत." तिने अहवाल माझ्याच टेबलावर बसून लिहिला. बॅटरीचे आकडे लिहिले, आणि खाली लिहिलं की केबिनची हवा बंद करण्याचं सेटिंग मी केलं, सोळाव्या फेरीत चालकाचं बोलणं बिघडलं होतं, सतराव्या फेरीत तो बेशुद्ध झाला, ही पद्धत वापरू नये. सही केली. सरांनी तो दोनदा वाचला. शेवटी तोच अहवाल पुण्याला गेला. पावसाळा संपायच्या आत शेड बंद झालं. आमच्यातले काही जण तिच्याशी बोलत नाहीत, अजूनही.

ती आता जरीपटक्यात ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात काम करते. त्या उष्णतेने अंकुशच्या मेंदूत तोल सांभाळणारा भाग दुखावला आहे. जीभ जड झाली, चालताना तो दारू प्यायल्यासारखा झुकतो. शर्टाची बटणं प्रीती लावून देते. कामगार कार्यालयात त्याच्या भरपाईचं प्रकरण चालू आहे. तिथे प्रणालीने स्वतःविरुद्ध जाणारी साक्ष दिली आहे.

दर रविवारी सकाळी ती त्याच्या घरी जाते. पहिले दोन महिने प्रीतीने तिला 'बस' असंही म्हटलं नाही. ती दारात उभी राहायची, दवाखान्यातून लिहून आणलेला व्यायामाचा कागद द्यायची आणि परत यायची. मग एकदा प्रीतीला मेसच्या कामावर लवकर जायचं होतं, तेव्हा ती म्हणाली, "आलीच आहेस तर याले धर." तेव्हापासून भिंतीला धरून चालायचा व्यायाम प्रणाली करून घेते. काही रविवारी अंकुश तिच्यावर चिडतो, "काहून येतं तू? जाय नं," म्हणतो आणि तोंड फिरवतो. ती थांबते.

गेल्या महिन्यात मीही तिच्यासोबत गेलो होतो. अंकुशने भिंतीवरचा हात काढला आणि अकरा पावलं टाकली. मग मधेच खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. प्रीतीने ओला टॉवेल आणून त्याच्या मानेवर ठेवला. प्रणाली त्यांच्यापासून दोन हात अंतरावर उभी होती. पुढे व्हावं की मागे सरावं, हे तिला कळत नव्हतं.