सरळबाईकडे येणारा देव

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला सगळे सरळबाई म्हणत. चादरीची घडी सरळ, चालणं नाकासमोर आणि बोलणं तर इतकं सरळ, की समोरच्याला लागल्याशिवाय राहायचं नाही. मुकादमीणबाईंनी एकदा नवा चष्मा लावून मोठ्या हौसेनं विचारलं, "कशी दिसते गं मी?" उत्तर आलं, "जुन्यात कमी वाईट दिसत होतात." बाई काही दिवस फुगून बसल्या आणि मग गुपचूप जुना चष्मा लावून आल्या.

लहानपणीच डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक स्वमग्नता, दुसरी अपस्मार, म्हणजे आकडी. शेजाऱ्यांनी मात्र आपल्या सोयीनं नावं ठेवली. ती लहान होती तेव्हा वेडी म्हणाले, मोठी झाल्यावर साध्वी म्हणायला लागले. तिला स्वतःला काय वाटतं, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही, ही शेजाऱ्यांची थोरवी.

साध्वी व्हायचं कारण असं, की आकडी येण्याआधी तिच्याकडे देव यायचा. तिचा शब्द 'यायचा' असाच होता. आधी उन्हात वाळलेल्या कापडाचा वास येई, मग खोलीतली प्रत्येक वस्तू, भिंत, बादली, बादलीतलं पाणी, सगळं जागच्या जागी बसल्यासारखं वाटे आणि असा आनंद होई की तो मावायला अंग कमी पडे. एरवी तिला जग म्हणजे नुसता गलका वाटायचा, तेव्हा हे केवढं मोठं सुख! ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत टिकायचं. पुढे जमीन, आणि नंतर डोक्याखाली उशी सरकवून शिव्या देत रडणारी ताई.

ही बातमी फुटल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं त्यांनी आधी हवापाण्याचं विचारलं, मग तब्येतीचं, आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "आमच्या धाकट्याच्या लग्नाचं काही बोलला का गं देव?"

"तुमच्याबद्दल तो काहीच बोलला नाही," सरळबाई म्हणाली. "कधीच नाही."

काकूंनी जिना उतरताना साध्वीपण परत काढून घेतलं.

प्रार्थनाघरात तिला बसवत नसे. सगळे एका सुरात गायला लागले की कानात सुया टोचायच्या, आणि नंतरच्या मिठ्या तर नकोच. तिथल्या म्हाताऱ्या आजोबांनी प्रेमानं समजावलं होतं, "बाळ, देवाला मनातलं सांगत जा."

"त्याला मनातलं कळतं असं तुम्हीच म्हणालात. मग पुन्हा सांगून त्याचा वेळ कशाला घ्यायचा?"

आजोबा पोट धरून हसले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बाहेरच्या भिंतीशी तिच्यासाठी एक खुर्ची टाकून दिली. गाणं तिथे भिंतीतून गाळून येई, आणि तिला तेवढंच पुरे होतं.

तिची खरी प्रार्थना लाँड्रीत चाले. ओली चादर गरम रोलरखाली सोडायची, पलीकडून कोरी सपाट येणारी पकडायची, कोपऱ्याला कोपरा लावायचा. कुणाशी बोलायला नको, कुणाचा चेहरा वाचायला नको. त्या रोलरवर तिचा जीव होता.

आणि तिथेच घात होता होता टळला. एका सकाळी देव आला आणि ती रोलरवरच झुकली. मुकादमीणबाईंनी वेणी धरून मागे खेचली म्हणून निभावलं. वेणी दुखली, मनगट भाजलं, आणि बाईंनी हुकूम काढला: "आकड्या थांबेपर्यंत रोलरला हात लावायचा नाही. वर बसून अभ्र्यांना बटणं लाव."

ताई तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. नव्या गोळ्या होत्या, चांगल्या होत्या. सरळबाईनं विचारलं, "यानं देव जाईल का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आकडीआधीचा तो आनंद बहुतेक जाईल. देवाचं मला खरंच माहीत नाही."

"मग नको."

ताई शहराची बस चालवायची. भर रस्त्यात न डगमगणारी बाई, पण इथे तिचा बांध फुटला. "त्याला यायचंय ना, खुशाल येऊ दे! पण माझ्या बहिणीला आपटूनच कशाला? दार नाही का त्याला? मी काय रोज जीव मुठीत धरून कामावर जायचं?"

सरळबाईला चेहरे वाचता येत नसत, पण ताईचा आवाज फाटलेला तिला ऐकू आला. ती म्हणाली, "घेते."

तिनं गोळ्या घेतल्या, आणि घरी आल्यावर दार सताड उघडं ठेवलं. ताईनंच तर सांगितलं होतं. त्या दारातून शेजारचं मांजर आलं, दूध पिऊन गेलं. जाहिरातीचे कागद वाटणारा आला. काकूही आल्या, लग्न ठरल्याचं सांगायला. देव सोडून सगळे आले. ताई कपाळावर हात मारून दार लावी, सरळबाई ते पुन्हा उघडत असे.

आकड्या थांबल्या, देवही थांबला. बटणं लावताना तिला पोरकं वाटायचं, आणि ती तसं स्पष्ट सांगायची, "मला पोरकं वाटतंय." आपणच काहीतरी हिरावून घेतलं, हे ताईला आत कुठेतरी टोचत राही.

बरेच महिने असे गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आणि मुकादमीणबाईंनी रोलर परत दिला. पहिल्याच दिवशी चादरींचा डोंगर होता. सरळबाई कोपऱ्याला कोपरा लावत राहिली. दुपारकडे तिचा हात हळू झाला आणि चेहऱ्यावर हसू पसरलं.

मुकादमीणबाईंनी यंत्र बंद केलं, "उशी आणा!" म्हणून ओरडल्या. बायका सगळीकडून उशा घेऊन धावल्या. हॉटेलच ते, उशांना काय तोटा! जमिनीवर गादीच तयार झाली. कुणीतरी ताईला फोन केला. ताईची बसवरची पाळी नुकतीच संपलेली; ती गणवेशातच धापा टाकत जिना उतरली.

सगळ्या घेर धरून उभ्या, आणि मध्ये सरळबाई, उभीच. हात स्थिर.

"पडतेयस का गं?" ताईनं विचारलं.

"नाही. यंत्र का बंद केलं? चादर ओली राहील."

"मग हसत का होतीस?"

"तो आला होता," सरळबाई म्हणाली. "या वेळी लहानसा. एवढासाच. पण मी पडले नाही ना, म्हणून तो गेला नाही. बराच वेळ होता."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. देवधर्माच्या वाटेला कधी न गेलेली ती बाई उशांच्या ढिगावर मटकन बसली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंसारखंच विचारून बसली, "मग... काही म्हणाला का?"

"नाही," सरळबाई म्हणाली आणि तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं. "आम्ही चादरी करत होतो."